गॅस बंद, फ्रीज चालू

मागे आवाज येतोय ना? हां, मग सुरू करते.

तर मंडळी, आजचा पदार्थ एकदम सोपा आहे. फळं, क्रीम, बिस्किटं आणि थोडी पिठीसाखर, बस, ओव्हन नाही, गॅस नाही. आता तुम्ही म्हणाल यात व्याख्यान कसलं, एकावर एक थर लावायचे आणि फ्रीजमध्ये ढकलायचं, झालं. मीपण बरीच वर्षं हेच म्हणायचे आणि बरीच वर्षं माझ्या डेझर्टच्या तळाशी गुलाबी पाण्याचं डबकं साचलेलं असायचं, वर क्रीम घसरलेलं, आणि पाहुणे बिचारे "छान झालंय हं" म्हणत चमच्याने पाणी बाजूला सारायचे.

मग एकदा डोक्यात प्रकाश पडला. आपण गॅसवर काहीही करतो तेव्हा जास्तीचं पाणी आटून जातं, आपल्याला त्याचा विचारच करावा लागत नाही. इथे आटायची सोयच नाहीये! स्ट्रॉबेरीत 90 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आंब्यात 80 च्या वर, आणि ते सगळं डब्यातच राहणार असतं. म्हणजे ते कुठे जाणार हे आधी आपणच ठरवायचं, नाहीतर ते स्वतःच ठरवतं आणि तळाशी जाऊन बसतं.

म्हणून फळ चिरलं की लगेच क्रीमवर टाकायचं नाही. साधारण 400 ग्रॅम फळाच्या फोडी, त्यावर दोन चमचे साखर, थोडं लिंबू, आणि अर्धा तास विसरून जायचं. साखर फळातलं पाणी बाहेर खेचते, फोडी जरा मऊ पडतात, चकाकतात आणि खाली रस जमतो. फोडी गाळणीत काढा, पण तो रस फेकू नका प्लीज, कारण बिस्किटं त्याच्यातच बुडवायची आहेत. जे पाणी क्रीमचं वाट्टोळं करणार होतं तेच बिस्किटाला केकसारखं मऊ करतं. मला या सगळ्या प्रकारातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो, खरं सांगते.

आता क्रीम. पाकिटावरचा फॅटचा आकडा वाचा, बाकी जाहिरात वाचू नका. 30 टक्क्यांच्या खाली असेल तर ते फुलत नाही, कितीही फेटा, हात दुखेल फक्त. 35 च्या आसपास असेल तर मस्त. ग्रेव्हीत ओतायचं जे 20-25 टक्केवालं मिळतं ते चवीला चांगलंच असतं पण त्याच्याकडून ही अपेक्षा करू नका.

आणि ते थंड हवं, म्हणजे रात्रभर फ्रीजमध्ये, वरच्या फ्रीजरमध्ये नाही. भांडं आणि बीटर पण 15 मिनिटं गार करून घ्या. कारण असं की फेटताना आत हवेचे बुडबुडे जातात आणि क्रीममधले फॅटचे बारीक कण एकमेकांना अर्धवट चिकटून त्या बुडबुड्यांभोवती भिंत बांधतात. थंडीत ते कण घट्ट असतात म्हणून भिंत उभी राहते, गरम झालं की फॅट वितळतं आणि भिंत खाली. उन्हाळ्यात स्वयंपाकघर तापलेलं असेल तर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवूनच फेटा.

250 मिलि क्रीमला दोन मोठे चमचे पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ. सुरुवात हळू. आधी नुसता फेस येतो, मग बीटरच्या मागे रेघा उमटायला लागतात आणि लगेच पुसल्या जातात, मग त्या पुसल्या जात नाहीत. इथे कान आणि डोळे उघडे ठेवा, मोटरचा आवाज जरा जड होतो. बीटर उचलून उलटा धरा, शेंडा उभा राहून टोक थोडं वाकलं की थांबा. अजून थोडं घट्ट करू म्हणून अर्धा मिनिट जास्त फिरवलंत की क्रीम खरबरीत दिसायला लागतं आणि मग लोणी सुटतं. अति तिथं माती, दुसरं काय. नुकतंच खरबरीत झालं असेल तर दोन चमचे थंड क्रीम घालून हाताने हलकं ढवळा, बऱ्याचदा सावरतं. लोणी सुटलं असेल तर मग ब्रेडला लावा!

फळं कुठलीही चालतात का? नाही. मी एकदा ताजा अननस घातला होता, आदल्या रात्री चव बघितली तर अप्रतिम, सकाळी कडू जहर. मला वाटलं क्रीमच खराब होतं. पण नाही, अननसात, किवीत, पपईत दुधातली प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात आणि तुटलेल्या प्रथिनांच्या तुकड्यांची चव कडवट लागते. जिलेटिन घालणार असाल तर तेही या फळांमुळे सेट होत नाही. डब्यातला अननस चालतो कारण तो डबाबंद करताना तापवलेला असतो, त्यात एन्झाइम मरतं. केळं घालायचंच असेल तर अगदी वाढताना, नाहीतर काळं पडतं.

थर लावायचं काय सांगू, बिस्किट रसात एकदा इकडून एकदा तिकडून, दोन सेकंद, भिजत ठेवायचं नाही, मग क्रीम, मग फोडी, परत तेच, सगळ्यात वर क्रीमच. वरची फळं वाढताना. झाकून निदान सहा तास फ्रीजमध्ये. तासाभरात उघडून बघणारे असतात, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यांना बिस्किट कुडुम कुडुम लागतं आणि मग ते म्हणतात रेसिपी चुकली.

हां, मागून प्रश्न आलाय, फ्रोझन फळं चालतील का. गोठताना बर्फाचे स्फटिक फळाच्या पेशी फोडतात, त्यामुळे वितळल्यावर फळ लिबलिबीत होतं आणि पाणी दुप्पट सुटतं असं वाटतं. थरात नको. पूर्ण वितळू द्या, मिक्सरला लावून सॉस करा आणि वाढताना वरून सोडा. आणि उरलं तर फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा, टेबलावर दुपारभर ठेवू नका, क्रीम आहे ते. अजून कोणाचं काही?