शंभर ओळींची शिक्षा, दोन ओळींचा प्रोग्राम

श्रोतेहो, नमस्कार. जळगाव, धुळे, नंदुरबार, खानदेशात कुठंही ऐकत असाल, घरात आठवी-नववीतलं पोरगं असेल तर त्याला रेडिओजवळ बोलवा. हातात कागद-पेन असू द्या.

एस.टी. उशिरा आली, प्रार्थना हुकली आणि सर म्हणाले, "'मी उद्यापासून वेळेवर शाळेत येईन', शंभर वेळा लिहून आण." २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी केली. छडी गेली, पण शंभर ओळी अजून टिकून आहेत.

पोरं काय करतात? अख्खी ओळ लिहितच नाहीत. आधी पानभर उभं 'मी, मी, मी', मग त्याच्या शेजारी उभं 'उद्यापासून', मग 'वेळेवर'. हात एकाच शब्दावर बसतो, विचार करावा लागत नाही. फक्त 'उद्यापासून' जरा ऐसपैस झालं की शेवटचं 'येईन' समासात कोंबावं लागतं, आणि सरांना तिथंच कळतं. दुसरी युक्ती रबरबँडनं दोन बॉलपेनं बांधायची. वहीच्या दोन रेघांत साधारण ८ मिलिमीटर अंतर, पेनाची जाडीही जवळपास तेवढीच, त्यामुळे जोडी रेघांवर बसते. पण हात तिरपा झाला की खालचं पेन कागद सोडतं आणि दुसऱ्या ओळीची शिरोरेघ पुसट उमटते. संगणक न शिवताच पोरांनी एकाच्या पोटात दुसरी फिरणारी लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायची फेरी, केली, आणि दोन कामं एकदम चालवलीसुद्धा.

सरांनी 'टाइप करून आणलं तरी चालेल' म्हटलं, तर काम पायथॉन या संगणकाच्या भाषेतल्या दोन ओळींचं. पहिली ओळ लिहून घ्या: फॉर आय इन रेंज, कंसात १ स्वल्पविराम १०१, कंस पुरा, शेवटी कोलन. दुसरी ओळ चार स्पेस सोडून: प्रिंट, कंसात आय, स्वल्पविराम, आणि अवतरणचिन्हांत आपलं वाक्य, कंस पुरा. १०१ का? रेंज म्हणजे आकड्यांची रांग, आणि ती शेवटचा आकडा धरत नाही. तिथं १०० लिहिलंत तर ९९ ओळी येतील, आणि सर मोजणारे असतील तर अजून शंभर पदरात पडतील. नुसतंच १०० लिहिलं, आधीचा १ गाळला, तर ओळी शंभर येतील खऱ्या, पण पहिल्या ओळीचा क्रमांक शून्य. आणि जे जुन्या काळी बेसिक ही संगणकाची भाषा शिकले त्यांना '२० गोटू १०', म्हणजे विसाव्या ओळीवरून परत दहाव्या ओळीवर जा, आठवत असेल. त्यात थांबणंच नव्हतं, बटण दाबून मोडावं लागे.

आता मराठीची गंमत. क्रमांक इंग्रजी आकड्यांत छापले जातात आणि सरांना हवेत मराठी. प्रोग्राममध्ये १०१ मराठीत लिहिलं की पायथॉन तिथंच अडतो, चुकीचं अक्षर म्हणतो. मग हुशार पोरगं युनिकोडचा, म्हणजे संगणकातल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारा, तक्ता काढतं. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, नऊचा २४१५. म्हणजे २४०६ मध्ये आकडा मिळवला की झालं? नऊपर्यंत झालं. दहाव्या ओळीला २४१६ येतं, आणि तिथं दहा नसून संक्षेपाचं बारीक वर्तुळ आहे. अकराव्याला वर एक टिंब. बाराव्या ओळीला चक्क 'ॲ', आपला ॲपमधला. कारण दहा हा एक आकडा नाही, एक आणि शून्य असे दोन. संख्येचा एकेक अंक सुटा करून बदलायचा, मग जोडायचा. ही चूक एकदा झाली की दशमान पद्धत काय हे कुणी सांगावं लागत नाही.

हातानंच लिहिलेलं हवं असेल तर? काही पोरं पेन धरणारं यंत्र करतात. एक आर्डुइनो उनो, म्हणजे छोटासा संगणकी बोर्ड, पावलापावलानं फिरणाऱ्या दोन स्टेपर मोटरी, त्यांना चालवणारे दोन ड्रायव्हर, पेन उचलायला छोटी सर्व्हो मोटर, आणि भंगारातल्या प्रिंटरच्या दांड्या. इथं एक हिशोब चुकतोच. मोटरच्या एका फेरीत २०० पावलं, ड्रायव्हर प्रत्येकाचे १६ भाग करतो, झाली ३२००. पेन ओढणाऱ्या पट्ट्याचे दात २ मिलिमीटरवर आणि मोटरवरच्या चकतीला २० दात, म्हणजे एका फेरीत पेन ४० मिलिमीटर सरकतं. ३२०० भागिले ४०, मिलिमीटरला ८० पावलं. यंत्र चालवणाऱ्या जीआरबीएल या प्रोग्राममध्ये मुळात २५० भरलेलं असतं. ते तसंच ठेवलं तर अक्षर तिप्पट मोठं होऊन पानाबाहेर जातं.

शिवाय नेहमीचा फॉन्ट चालत नाही. त्यात अक्षराची कड असते, म्हणून 'मी' पोकळ उमटतो. एकेरी रेघेची अक्षरं स्वतः काढावी लागतात, प्रत्येकाची तीन-चार रूपं. नाहीतर सगळे 'मी' जुळे दिसतात. रावेरकडच्या केळीबागेत सुतळी धरून रांग लावली तरी प्रत्येक खोड आपापलं वाकतं, तसं अक्षर वाकायला हवं. मध्येच वीज गेली तर यंत्र आपली जागा विसरतं आणि लिहिलेल्यावरच पुन्हा गिरवायला बसतं.

आणि वेळ? एका ओळीत पेन ८० सेंटिमीटर फिरतं असं धरा, वेग मिनिटाला २ मीटर. ओळीला २४ सेकंद, शंभर ओळींना ४० मिनिटं. पेन उचलण्या-टेकवण्याचा वेळ वेगळाच. हातानं अर्ध्या तासात होतं हो! तरी पोरं यंत्रच करतात, आणि आमच्या मते त्यात त्यांचं काही चुकत नाही.

शिक्षकांनो, तुमच्यासाठी एक तोडगा. शिक्षा द्यायचीच असेल तर पाढे अक्षरी लिहायला सांगा, आणि प्रोग्राम खुशाल करू द्या. गुणाकार दोन लूपमध्ये होतो. बोली होत नाही. प्रोग्राम 'दोन एके दोन' लिहितो, आपण म्हणतो 'बे एके बे'. पोरगं नियम शोधायला जातं: एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत छान चालतं, आणि नव्व्याण्णवला नियम मोडतो. पाचाचं बघा: पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट. यातून सूत्र काढण्यात आठवडा जाईल. शेवटी एकच मार्ग उरतो, एक ते शंभरपर्यंतचे शब्द ओळीनं यादीत भरायचे, एका ओळीवर एक, ऱ्हस्वदीर्घ सांभाळून.

ती यादी मात्र हातानंच टाइप करावी लागते. ओळी किती, ते मोजून बघा. नमस्कार.