अमूर्त आणि मोघम

श्रोतेहो, नमस्कार. परवा अभ्यास करताना नातीनं विचारलं, "आजोबा, अमूर्त म्हणजे जे दिसत नाही तेच ना?" मी हो म्हणणार, तेवढ्यात खिडकीतून वारा आला आणि तिच्या वहीची पानं फडफडली. वारा तर दिसत नाही. मग तो अमूर्त का?

या वाऱ्यावरून आपल्याकडे फार जुना मतभेद आहे. बृहदारण्यक उपनिषदात वायू आणि अंतरिक्ष अमूर्तात मोडतात. वैशेषिक, म्हणजे त्या नावाच्या प्राचीन दर्शनाचे विचारवंत, मात्र वायूला मूर्त मानतात, कारण त्याला मर्यादा आहे आणि तो हलतो. त्यांच्या लेखी अमूर्त म्हणजे आकाश, काळ, दिशा, आत्मा. डोळ्यांना दिसणं ही त्यांची कसोटीच नव्हे.

'मूर्त'चा धातू मूर्छ्. अर्थ घट्ट होणं, थिजणं. मूर्च्छासुद्धा त्यातूनच आली. थंडीत बरणीतलं तूप थिजतं ना, तसं थिजून आकाराला आलं ते मूर्त. (मुंबईत कुठली थंडी म्हणा!) म्हणून तर योजनेला 'मूर्त स्वरूप आलं' असं आपण म्हणतो. देवाला निराकार म्हणतो. कल्पनेला, चित्राला अमूर्त. ताळेबंदात पेटंट आणि ट्रेडमार्क अमूर्त मालमत्तेत दाखवतात, आणि त्यांची किंमत चांगली रोकडी असते.

हल्ली मात्र सभांमधून ऐकतो, "तुमचं म्हणणं जरा अमूर्त वाटतं." अहो, त्याला मोघम म्हणावं! न्याय अमूर्त आहे, पण तो मिळाला नाही तर माणसाला नेमकं कळतं.

नातीला मी मुंबईतल्या काळा घोडा चौकात नेलं. ज्याच्यावरून हे नाव पडलं तो ब्रिटिश राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा 1965 साली इथून हलवला. जागेवर गाड्या उभ्या राहू लागल्या. तरी टॅक्सीवाल्याला 'काळा घोडा' म्हटलं की तो बरोबर तिथंच सोडायचा. पन्नासेक वर्षं घोड्याशिवाय नुसतं नाव टिकलं. "हे नाव अमूर्त," मी तिला म्हटलं.

2017 मध्ये तिथं नवा घोडा बसवला, पण त्यावर स्वार नाही. त्या रिकाम्या पाठीकडे बघत ती म्हणाली, "म्हणजे राजपुत्र अमूर्त झाला?"

"नाही गं, तो राणीच्या बागेत आहे."

"मग तिकडे जाऊया!"

गेलो. तिनं आधी पेंग्विन बघितले.