पोकळ तळव्याची थाप

(पडदा काळा. फक्त आवाज: एका लयीत पडणारी थाप.)

ही थाप माणसाच्या पाठीवर पडते आहे. तळवा ओंजळीसारखा पोकळ केला की मार लागत नाही, पण हादरा फुप्फुसापर्यंत पोचतो. आत चिकटून बसलेला कफ सुटतो. लॉस एंजेलिसच्या एका घरात ही थाप रोज ऐकू यायची. आधी आईवडिलांच्या हातांची. पुढे दोघी बहिणींचे हात मोठे झाले आणि त्या एकमेकींना थोपटू लागल्या.

अ‍ॅनाबेल आणि इसाबेल स्टेन्झेल. जन्म ८ जानेवारी १९७२. एका चेहऱ्याच्या जुळ्या. आई जपानी, वडील जर्मन. दोघांकडूनही एकेक सदोष जनुक आलं आणि मुलींना सिस्टिक फायब्रोसिस झाला. या आजारात घाम फार खारट होतो, कफ डिंकासारखा घट्ट. मुली दहा वर्षांपलीकडे जगतील अशी आशा धरू नका, असंच आईवडिलांना सांगण्यात आलं होतं.

दोघींचं खरं गणगोत जमलं ते उन्हाळी शिबिरात. सगळी मुलं याच आजाराची. खोकल्याची उबळ आली तरी कोणी वळून बघायचं नाही. औषधाची मूठभर गोळ्यांची पुडी लपवायची नाही. पण कांदे सडवणारा म्हणून पहिल्यांदा ओळखला गेलेला एक जिवाणू या मुलांच्या फुप्फुसांत घर करतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे हळूहळू उमगलं. मित्रमैत्रिणी जाऊ लागल्या. शिबिरं बंद झाली. आजही हे रुग्ण एकमेकांपासून हातभर नव्हे, चांगलं सहा फूट लांब उभे राहतात. ज्याला आपलं दुखणं सांगावं लागत नाही, त्याच्याच जवळ जायचं नाही. या आजारातलं मला सर्वांत क्रूर वाटतं ते हेच.

दोघी स्टॅनफर्डमध्ये शिकल्या. जून २००० मध्ये अ‍ॅनावर दोन्ही फुप्फुसांचं प्रत्यारोपण झालं. नव्या फुप्फुसांत तो जनुकदोष नसतो, म्हणून तो कफही नाही. अ‍ॅनाला थापेची गरज उरली नाही. इसाबेलला नवी फुप्फुसं मिळाली ती २००४ साली.

अ‍ॅना स्टॅनफर्डच्या मुलांच्या रुग्णालयात जनुकीय समुपदेशक होती. आपल्या बाळाच्या रक्तात काय निघालं हे ऐकायला आलेले आईवडील तिच्यासमोर बसायचे. अशा वेळी माणसाला एक आकडा हवा असतो: किती वर्षं? स्वतःच्या आईवडिलांना मिळालेला आकडा अ‍ॅनाला ठाऊक होता. तो ती कधीच ओलांडून आली होती. म्हणूनच तिथे तीच बसलेली असणं मला फार मोलाचं वाटतं.

अ‍ॅनाच्या शरीराने पहिली फुप्फुसं नाकारली. २००७ मध्ये दुसरं प्रत्यारोपण झालं. त्याच वर्षी दोघींनी मिळून लिहिलेलं आत्मकथन आलं, आणि २००९ साली त्याच्या जपानी अनुवादासोबत त्या आईच्या देशात गेल्या. जपानमध्ये १९६८ च्या एका हृदयरोपणावरून इतका संशय माजला होता की मेंदूमृत दात्याचे अवयव घेणं तिथे तीन दशकं थांबलं. १९९७ चा कायदाही कडक: दात्याची लेखी संमती हवी, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलाचे अवयव घेता येत नसत. आजारी लेकरांना घेऊन आईवडील अमेरिका गाठायचे. जपानमधल्या सभांमध्ये या दोघी उभ्या राहिल्या, दुसऱ्याच्या फुप्फुसांनी श्वास घेत बोलल्या. २००९ च्याच जुलैत जपानी संसदेने कायदा बदलला. एकट्या त्यांच्यामुळे नव्हे, पण त्या वर्षी त्या तिथे होत्या.

अवयव टिकवणारी औषधं प्रतिकारशक्ती दाबतात आणि कर्करोगाचा धोका वाढवतात. अ‍ॅनाला कर्करोगाने गाठलं. २२ सप्टेंबर २०१३ ला ती गेली, ४१ व्या वर्षी. दोन दात्यांनी तिला तेरा वर्षं दिली होती.

२०१९ साली अमेरिकेत सिस्टिक फायब्रोसिसवर तीन औषधांची एकत्र गोळी मंजूर झाली. अनेकांचा कफ पातळ झाला, प्रत्यारोपणाची वेळच टळली. अ‍ॅनाला ती बघायला मिळाली नाही. ती गोळी सगळ्यांना लागू पडत नाही, आणि किंमत अशी की आपल्याकडच्या बहुतेक घरांना परवडणारी नाही. आपल्याकडेही ही मुलं आहेत. कितीतरी जणांचा आजार ओळखायलाच उशीर होतो.

त्या घरांत आज संध्याकाळीही कोणीतरी तळवा पोकळ करेल.

(थाप. हळूहळू विरत जाते.)