चेसीवरचा नंबर

मंडळी, एक कबुली आधीच देऊन टाकतो. ज्या मोटारसायकलचं वर्णन मी वीस वर्षं रंगवून रंगवून सांगत होतो, ती गाडी माझी नव्हतीच. मी सांगायचो, माझी जावा काळी कुळकुळीत होती. पुढे शोधायचं मनावर घेतलं आणि बहिणीच्या अल्बममध्ये एक रंगीत फोटो निघाला. त्यात मी, माझे तेव्हाचे केस आणि गाडी. गाडी मरून रंगाची. काळी होती ती मित्राची! म्हणजे इतकी वर्षं मी रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक काळ्या जावाकडे वळून बघत होतो आणि मरून जावा शेजारून जाऊ देत होतो.

तरुणपणची गाडी शोधणारा माणूस बहुतेकदा इथेच फसतो. तो रंग शोधतो, टाकीवरची चिन्हं शोधतो, आवाज शोधतो. पण जुन्या गाडीत आधी बदलतं तेच. रंग दोनदा लागतो, सीट तीनदा शिवली जाते, सायलेन्सर गंजून जातात, मडगार्ड दुसऱ्याच गाडीचं बसतं. आपल्या आठवणीत जे जे आहे, ते सगळं नटबोल्टांनी बसवलेलं असतं आणि नटबोल्ट सोडवता येतात. उरतं ते धातूत ठोकलेलं. चेसी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा, फ्रेमवरचा नंबर, आणि इंजिन नंबर. आणि हे दोन आकडे कुणालाही पाठ नसतात. मलाही नव्हते.

माझं नशीब एवढंच की विकताना घेणाऱ्याने चेसी नंबरचा छाप मागितला होता. नंबरावर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची. पहिला छाप पुसट आला म्हणून मी दुसरा काढून दिला. तो पुसट कागद विम्याच्या जुन्या पावत्यांमध्ये तसाच पडून होता. त्याच्या मागे मीच इंजिनचा नंबर लिहून ठेवला होता. का, ते आता आठवत नाही. चांगला छाप गेला, वाईट छाप राहिला आणि पुढचा सगळा शोध त्या वाईट छापावर झाला. म्हणून सांगतो, आधी गॅरेजं पालथी घालू नका, घरातले खण पालथे घाला.

नंबर वाचायला शिकणं हा एक वेगळाच नाद आहे. ट्रायम्फ या ब्रिटिश मोटारसायकल कंपनीने 1969च्या मॉडेलपासून नंबराच्या आधी दोन अक्षरं ठोकायला सुरुवात केली, पहिलं महिन्याचं, दुसरं मॉडेलच्या वर्षाचं. ‘जेडी’ दिसलं की समजायचं, ऑगस्ट महिना आणि 1970चं मॉडेल. व्हिन्सेंट या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या युद्धोत्तर जुळ्या सिलिंडरच्या गाड्यांची तर आणखी मजा. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या इंजिन नंबरात 1900 मिळवले की फ्रेमचा नंबर यायला हवा. नाही आला, तर मधे कुणीतरी लग्न मोडून दुसरं लावलंय. ब्रिटनमध्ये 1946 साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबाने बंद पडलेल्या कारखान्यांच्या जुन्या वह्या सांभाळून ठेवल्यात. तिथे आपली गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली, ते शोधता येतं. कारखाने बुडाले, वह्या तरल्या.

जिथे नंबराला किंमत, तिथे बनावट नंबरही आलाच. कारखान्याचे पंच, म्हणजे आकडे ठोकायचे ठसे, एका ठरावीक घाटाचे असतात. नंतर कुणी आकडे घासून नवे ठोकले, तर त्या जागेचा धातू आजूबाजूपेक्षा खोल जातो. बोट फिरवलं तरी कळतं. ट्रायम्फने तर पुढे इंजिनवर नंबर ठोकायच्या जागेवर आधीच आपलं नाव बारीक-बारीक ठोकून ठेवलं, म्हणजे घासलं की आधी तेच नाहीसं व्हावं. जुनी गाडी बघायला जाताना फुलं नेऊ नका, बॅटरी आणि भिंग न्या.

आता माणसांकडे येतो. माझ्यानंतर गाडीचे पाच मालक झाले. मालक विसरतात. एकाला तर आपण अशी गाडी घेतली होती हेच आठवेना, बायकोने आठवण करून दिली. मेकॅनिक विसरत नाही, फक्त त्याला प्रश्न नीट विचारावा लागतो. मी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना मॉडेल सांगितलं, रंग सांगितला, ते मान हलवत राहिले. मग म्हटलं, तिसऱ्या गिअरमधून निसटायची. हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, “ती होय! तिने मला दोनदा रडवलंय.” मेकॅनिकच्या लेखी गाडी म्हणजे तिचं दुखणं. त्यांनीच पुढचा पत्ता सांगितला.

गाडी निघाली एका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलाकडे. आता हिरवी! मी कागद काढला, त्याने हँडलखालच्या नळीवरची धूळ पुसली. आकडे जुळले. कॅरिअरसाठी मी जोडून घेतलेला पत्र्याचा कान होता, त्याचा वण फ्रेमवर अजून होता. हात लावला आणि काही बोलता येईना. मग मुलगाच म्हणाला, “काका, इंजिन मात्र तुमचं नसणार. मी घेतली तेव्हाच कागदांवर इंजिन बदलल्याची नोंद होती.”

मग ही माझी गाडी की नाही? 1970च्या आधी हार्ली-डेव्हिडसनच्या फ्रेमवर ओळखीचा नंबर नसायचाच, तो असायचा इंजिनवर. तो हिशेब लावला तर माझी जावा दुसरीकडेच कुठेतरी आहे. आमच्या जावाला मात्र फ्रेमवर नंबर, म्हणून ही माझी. आणि जावाला असल्या जोडजमावाचं वावडं कशाला असेल? तिचं नावच जोडलेलं. यानेचेक नावाच्या चेक कारखानदाराने 1929 साली वांडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल उचलली आणि दोन नावांची पहिली दोन-दोन रोमन अक्षरं, Ja आणि Wa, एकत्र केली.

मुलाने किल्ली दिली. जावाची गंमत ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. तिला किक वेगळी नसते. डाव्या बाजूची गिअरची लिव्हर आत दाबून वर मागे वळवली की तीच किक होते, गाडी चालू झाली की पुन्हा पुढे आणून गिअर. गिअर टाकताना क्लच दाबला नाही तरी चालतं, लिव्हरच तो आतून सोडवते. मला रंग आठवत नव्हता, नंबर आठवत नव्हता. पण पाय खाली न बघता लिव्हरवर गेला, आत दाबली, वळवली. दुसऱ्या किकला धूर आला. तिसरा गिअर मी घाबरत घाबरत टाकला. निसटला नाही. तेव्हा खात्री पटली, इंजिन खरोखरच दुसरं.

गाडी विकत मागितली का, असं सगळे विचारतात. मागितली. तो नाही म्हणाला आणि मला बरं वाटलं, कारण मीही त्या वयात विकायला नको होती. महिन्यातून एकदा जातो, तो चक्कर मारू देतो. आता आम्ही दोघं मिळून ते मूळ इंजिन शोधतोय. कुणाच्या शेतावर पाण्याच्या पंपाला जोडलेलं असेल, कुणाच्या माळ्यावर असेल. तुमच्यापैकी कुणाकडे जुनं जावाचं इंजिन पडलेलं असेल, तर नंबर पाहून मला सांगा. माझ्याकडचा नंबर मात्र मी इथे सांगणार नाही. सांगितला, तर महिनाभरात त्याच नंबराची तीन इंजिनं माझ्या दारात येऊन उभी राहतील.