तुझा पहिला नंबर कुठला?

(पडद्यावर: काळी पार्श्वभूमी, डावीकडे दोन गॉब्लिन, उजवीकडे चार छोटे योद्धे, खाली मेनू)

१९८७ सालचा व्हिडिओ गेम आहे हा, फायनल फँटसी या जपानी सिरीजमधला पहिला. आपल्या चौघांना आधी हुकूम देऊन ठेवायचे, मग ते एकेक करून पुढे जाऊन मारतात. आता समजा दोघांना एकाच गॉब्लिनवर सोडलं आणि पहिल्याच घावात तो गेला, तर दुसरा काय करतो? शेजारचा गॉब्लिन धडधाकट उभा असतो, पण हा पठ्ठ्या जातो आणि जिथं आता कोणीच नाही तिथं तलवार फिरवून परत येतो. वार फुकट. पुढे हा गेम नव्याने काढला तेव्हा ते सुधारलं, दुसरा आपोआप जिवंत शत्रूकडे वळायला लागला, आणि तुम्ही म्हणाल यावर कोण कशाला तक्रार करेल, तर असे लोक आहेत राव. त्यांचं म्हणणं, कोण किती घावात मरेल याचा अंदाज बांधून हुकूम द्यायचे आणि चुकलं तर भोगायचं, सगळी मजा त्यातच तर होती.

फायनल फँटसी. नंबर लावलेले १६ मुख्य गेम, त्याशिवाय सिक्वेल, रिमेक आणि काय काय, आणि यातला सगळ्यात भारी कुठला हा प्रश्न दोन फॅन्ससमोर टाकायचा आणि आपण बाजूला व्हायचं. बाकीच्या सिरीजमध्ये पण भांडणं असतातच, पण तिथं निदान "आपण कशाबद्दल बोलतोय" हे दोघांना माहीत असतं. इथं तेच ठरलेलं नाही.

कारण या सिरीजमध्ये नंबर बदलला की जग बदलतं. पात्रं नवी, नकाशा नवा, जादूचे नियम नवे, लढायची पद्धत नवी. बहुतेक भागांत राहतं ते काय, तर चोकोबो नावाचा घोड्याएवढा पिवळा पक्षी, मूगल नावाचे छोटे लवदार प्राणी, कुठेतरी क्रिस्टल, जखमा भरणारं पोशन, मेलेल्याला उठवणारं फिनिक्सचं पीस, आणि सिड नावाचा एक माणूस, जो प्रत्येक वेळी वेगळाच माणूस असतो. एवढ्या सामानावर "हा खरा फायनल फँटसी आणि तो खोटा" असं ठरवायचं म्हणजे अवघडच काम आहे.

जपानमध्ये स्क्वेअर नावाची कंपनी, हिरोनोबू साकागुची हा डिझायनर, आणि निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम कन्सोलवर डिसेंबर १९८७ मध्ये पहिला गेम. कंपनी बुडायला आली होती म्हणून नाव "फायनल" ठेवलं ही गोष्ट सगळीकडे ऐकायला मिळते. साकागुचीने स्वतः नंतर सांगितलं की मुळात "एफएफ" असं सुटसुटीत म्हणता येईल असं नाव हवं होतं. पण पहिली गोष्ट जास्त फिल्मी आहे, त्यामुळे तीच चालणार.

लोकांना वाटतं सिरीज अलीकडे बिघडली. अहो, दुसऱ्याच गेममध्ये मोडतोड सुरू झाली होती! १९८८ च्या दुसऱ्या भागात लेव्हलच काढून टाकली, म्हणजे शत्रू मारून अनुभव जमवला की पात्र एकेक पायरी वर चढतं ती सोय. तलवार वापरा, तलवारीचा हात बसेल. जादू वापरा, ती जादू वाढेल. आणि एचपी, म्हणजे किती मार सोसता येईल तो आकडा, कधी वाढणार, तर लढाईत मार खाल्ला की. कागदावर झकास कल्पना आहे, पण खेळणारे लोक काय गप्प बसतात होय, त्यांनी पाचेक मिनिटांत ओळखलं की शत्रूकडून मार खायची वाट कशाला बघायची, आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांना बडवायचं. मग चार देशभक्त बंडखोर, ज्यांच्या गावाचा साम्राज्याने नुकताच विध्वंस केलाय, ते एका दुबळ्या शत्रूला जिवंत ठेवून एकमेकांना तलवारीने ठोकतायत, का तर तब्येत वाढावी म्हणून. मला तो भाग खेळायला आवडत नाही, पण ही गोष्ट सांगायला फार आवडते.

तिसऱ्या भागात परत लेव्हल आल्या, वर जॉब, म्हणजे योद्धा, जादूगार असे पेशे, बदलायची सोय आली. आणि मग १९९१ चा चौथा. हिरोयुकी इतो या डिझायनरने इथं एटीबी (ॲक्टिव्ह टाइम बॅटल) आणलं, म्हणजे तुम्ही मेनूत विचार करत बसलात तरी घड्याळ चालूच. प्रत्येकाची पाळी आपापल्या वेगाने येणार, चपळ असेल त्याची लवकर, आणि तुम्ही ढिम्म बसलात तर समोरचा काही थांबणार नाही, मारून जाईल. ही कल्पना म्हणे त्याला फॉर्म्युला वन बघताना सुचली, वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या एकमेकींना मागे टाकतायत तसं. आज जे लोक "आमचा जुना टर्न-बेस्ड, पाळीपाळीने खेळायचा गेम परत द्या" म्हणून ओरडतात, त्यातल्या कितीतरी जणांचा लाडका जुना गेम हा चौथ्यापासून नवव्यापर्यंतचा असतो, आणि त्या सगळ्यांत हे घड्याळ आहे. "वेट" मोड लावला तर जादूच्या यादीत शिरल्यावर ते थांबतं, एवढंच. म्हणजे ज्याला आपण शांत, विचार करायला वेळ देणारा गेम म्हणून आठवतोय, तो तेव्हाच आपल्याला घाई करत होता.

आता अजून एक घोळ, जो फारसा कोणी लक्षात घेत नाही. सगळ्यांना सगळे भाग मिळालेच नव्हते. जपानचा दुसरा आणि तिसरा अमेरिकेत गेलाच नाही, म्हणून जपानचा चौथा अमेरिकेत "दोन" नावाने विकला. पाचवा पण तेव्हा गेला नाही, म्हणून १९९४ चा सहावा तिथं "तीन". आणि मग १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर एकदम "सात". अमेरिकन पोरांनी तीननंतर थेट सात पाहिला. युरोपात तर नंबरवाला पहिला गेम आला तोच सातवा! आता जपानी पोरगा सहा गेम खेळून सातव्यापाशी पोचलाय, त्याने दर वेळी बदल पाहिलाय, आणि युरोपातल्या पोराला वाटतंय फायनल फँटसी म्हणजे मोठ्ठी तलवार, धुराने भरलेलं शहर, तीन सीडी आणि एरिथ या नायिकेचं मरण. या दोघांची आठवण एक कशी असणार?

म्हणून मला कोणी या भांडणात ओढलं की मी आधी एकच विचारतो, तुझा पहिला नंबर कुठला? बरेचदा पुढचं भाषण ऐकायची गरजच उरत नाही.

(पडद्यावर: आठवा भाग, "ड्रॉ" मेनू, जादूचा आकडा १०० कडे चढतोय)

सातवा जगभर गाजला, तर पुढचा तसाच काढायचा ना? नाही. १९९९ च्या आठव्यात जादू शत्रूच्या अंगातून उपसून घ्यायची, एकेक प्रकारची १०० पर्यंत, आणि ती वापरायची नाही तर स्वतःच्या ताकदीला जोडून ठेवायची. वापरली की ताकद घटते. म्हणजे जादूगार असून जादू करायला जीव होत नाही, लग्नातली भांडी कपाटात जपून ठेवल्यासारखं. वर शत्रू तुमच्या लेव्हलबरोबर वाढतात. जो शहाणा मुलगा जुन्या सवयीने तासनतास त्याच त्या लढाया मारून लेव्हल वाढवून आला त्याला गेम उलट अवघड गेला, आणि ज्याने शत्रूंना पत्ते बनवून खिशात घातलं, कारण त्यात अनुभवाचे पॉइंट मिळत नाहीत, तो लेव्हल न वाढवता दादा झाला. कोणाला हे जीनियस वाटतं, कोणाला ही फसवणूक वाटते. मला विचाराल तर दोन्ही आहे.

बरं आता माझी बाजू सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल हा फार तटस्थ बनतोय. माझा पहिला नंबर दहा. २००१, प्लेस्टेशन २, पात्रं पहिल्यांदा बोलायला लागली, आणि घड्याळ काढून टाकलं, आता पाळी म्हणजे पाळी, कोण कधी येणार त्याची यादी वर कोपऱ्यात दिसते आणि तुम्ही हवा तेवढा वेळ घ्या. आणि वर्षानुवर्षं मी तेराव्याला शिव्या दिल्या, की काय हा गेम, २००९ चा, दिसायला अप्सरा आणि खेळायला बोळ, सरळ चालत रहा, लढा, मधला सिनेमा बघा, परत चाला, पार अकराव्या प्रकरणात जाऊन मोकळं मैदान येतं. हे मी तावातावाने एका मित्राला सांगत होतो तर तो म्हणाला, "अरे पण तुझा दहावा पण बोळच आहे की." गप्पच झालो मी. परत जाऊन नकाशा बघितला. खरंच बोळ आहे! देवळापासून देवळापर्यंत सरळ रस्ता.

मग आठवण मोकळी का? तर दहाव्यात ती यात्रा आहे, युना, म्हणजे त्यातली नायिका, रस्त्याने चाललीय, लोक तिला थांबवतात, आशीर्वाद मागतात, मध्ये गाव लागतं, दुकान लागतं, ब्लिट्झबॉल या पाण्यातल्या खेळाची मॅच होते. बोळच, पण बोळात माणसं राहतात. तेराव्यात तुम्ही फरार आहात, मागे सरकार लागलंय, थांबून गप्पा मारणार कोणाशी? गोष्टीच्या हिशोबाने ते बरोबरच आहे, पण खेळणाऱ्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. आणि लढाईत तर तेरावा चांगलाच डोकेबाज आहे हे मला फार उशिरा कळलं, कारण मी आधीच रुसून बसलो होतो.

बाकीचे पटकन. बाराव्यात, २००६, गँबिट, म्हणजे सोबत्यांसाठी "कोणाचा एचपी कमी झाला तर औषध दे" असे नियम आधीच लिहून ठेवायचे, आणि नीट लिहिले तर गेम स्वतःच स्वतःला खेळतो. कोणी म्हणतं यात खेळणारा कुठाय, कोणी म्हणतं नियम लिहिले कोणी मग? अकरावा आणि चौदावा ऑनलाइन, त्यांना मोजायचंच नाही म्हणणारे पण आहेत. चौदावा २०१० मध्ये असा आपटला की कंपनीला जाहीर माफी मागावी लागली, मग नाओकी योशिदा या निर्माता-दिग्दर्शकाने सूत्रं घेतली, २०१२ मध्ये गेममधल्या आकाशातला चंद्र फोडून त्यातून बहामुट नावाचा ड्रॅगन काढला, जुनं जग जाळून सर्व्हर बंद केले आणि २०१३ मध्ये नवीन जग उभं केलं. चूक झाकायची सोडून तिलाच कथा केलं, याला हिंमत लागते. पंधरावा २००६ मध्ये वेगळ्याच नावाने जाहीर झाला आणि हातात पडला २०१६ मध्ये. कथेत भोकं आहेत, पण चार मित्र गाडीतून फिरतात, रात्री तंबूत स्वयंपाक होतो आणि दिवसभरातले फोटो बघत बसतात, ते मला कुठल्याच दुसऱ्या भागाने दिलं नाही.

सातव्याचा रिमेक, २०२०, हा तर वेगळाच तमाशा. लोकांनी वर्षानुवर्षं मागितला. मूळ गेममधला सुरुवातीचा एका शहराचा तुकडा, तो ताणून अख्खा गेम केला, आणि त्यात भुतासारख्या आकृत्या घातल्या, ज्या कथा मूळ वाटेवरून हलली की ती परत जागेवर आणायला धावतात. म्हणजे जुनं जसंच्या तसं हवं म्हणून हट्ट धरणारे फॅन्सच गेममध्ये भुतं होऊन आलेत असं माझं मत आहे, आणि शेवटी आपल्याला लढायचं कोणाशी, तर त्यांच्याशीच! काही जणांना ते फार झोंबलं.

आणि मग २०२३ चा सोळावा. पूर्ण ॲक्शन, म्हणजे पाळीबिळी काही नाही, बटण दाबलं की वार. लढाईचं काम डेव्हिल मे क्राय ५ या मारधाडीच्या गेमवर काम केलेल्या र्‍योता सुझुकीकडे. तुम्ही फक्त क्लाइव्ह या नायकाला चालवता, सोबतच्या कुत्र्याला थोडेफार हुकूम, बाकी सोबती आपापलं बघतात. पहिल्याच आठवड्यात ३० लाखांच्या वर गेला, आणि तरी "हा फायनल फँटसी नाहीच" हे वाक्य काही थांबलं नाही. पण त्याच वर्षी बाल्डर्स गेट ३ हा दुसऱ्याच कंपनीचा गेम आला, पक्का पाळीपाळीने खेळायचा, आणि धो धो चालला, मग "तरुण पोरांना पाळीपाळीने खेळायचा कंटाळा येतो" म्हणणाऱ्यांची जरा पंचाईत झाली.

(पडद्यावर: दहावा भाग, लढाई सुरू, मेनू उघडा)

माझा मावसभाऊ पंधराव्यापासून सुरू झालेला, जिथं पाळी नसतेच. त्याला एकदा मोठ्या कौतुकाने दहावा लावून दिला. लढाई सुरू झाली, मेनू आला, तो कंट्रोलर धरून दोन मिनिटं बघत राहिला आणि मला म्हणाला, "दादा, हे सगळे नुसते उभे का आहेत?"

मी म्हटलं, तुझी वाट बघतायत.

"पण मी तर इथंच आहे."

याला काय उत्तर देणार. मी पाणी प्यायला उठलो. परत आलो तोपर्यंत तो मोबाइलमध्ये घुसला होता, आणि पडद्यावर तो राक्षस तसाच उभा, हळूहळू श्वास घेत.