त्रिनिदादचे राखणदार

(टोरांटो परिसरातल्या मराठी मंडळींच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी.

संयोजकांनी मला ‘कॅरिबियनमधलं जीवन’ हा विषय दिला. कॅरिबियन म्हणजे कितीतरी बेटं, आणि प्रत्येकाची बोली, स्वयंपाक, इतिहास वेगळा. मी नोकरीनिमित्त राहिले ती त्रिनिदादला, तेव्हा त्रिनिदाद आणि त्याचं धाकटं भावंड टोबॅगो, एवढ्यापुरतंच बोलेन. त्यातही फळांबद्दल बोलायचं आहे, आणि तिथलं रान नि समुद्रातली कासवं ज्या साध्या माणसांनी राखली त्यांच्याबद्दल. कोकणात गावाच्या वेशीवर राखणदार असतो, त्याला वर्षातून एकदा नारळ देतात. ही माणसं मला तशीच वाटतात, म्हणून त्यांच्याविषयी आदरानं बोलणार आहे.

आधी जागा डोळ्यांपुढे आणा. त्रिनिदाद आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडं लहान. व्हेनेझुएलाचा किनारा सगळ्यात जवळ असतो तिथं अंतर जेमतेम ११ किलोमीटर. दोन्ही बेटं मिळून वस्ती १४ लाखांच्या आसपास. त्यात भारतीय वंशाचे आणि आफ्रिकी वंशाचे लोक प्रत्येकी साधारण एक तृतीयांश, बाकी मिश्र. ३० मे १८४५ ला ‘फातेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशे भारतीय मजुरांना घेऊन तिथं लागलं. पुढं १९१७ पर्यंत जवळजवळ दीड लाख माणसं करारावर उसाच्या मळ्यांत गेली. बहुतेक भोजपुरी मुलखातली, काही मद्रासकडची. त्यांच्या पणतवंडांची बोली आता त्रिनिदादची इंग्रजी आहे, पण मंडईत गेलात तर वांगं ‘बैगन’च असतं, शेवगा ‘सैजन’, आणि पालेभाजी ‘भाजी’. भाजलेल्या वांग्याचा ‘चोका’ खाल्लात तर भरीतच खातोय असं वाटेल.

तिथली एक रीत मला फार आवडायची. दुकानात शिरा, मॅक्सी टॅक्सीत, म्हणजे तिथल्या छोट्या बसमध्ये, चढा, दवाखान्यात बाकावर बसा, आधी सगळ्यांना मोठ्यानं ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. कुणी ओळखीचं असो-नसो. न बोलता बसलेल्या माणसाला उद्धट समजतात. अंधार पडल्यावर भेटलं की ‘गुड नाइट’ म्हणतात, तो निरोप नसतो, नमस्कार असतो. ज्या गावात अनोळखी माणसाशीही आधी बोलावं लागतं, तिथं शेजारच्या झाडाची चौकशीही आपोआप होते.

आता फळं. पॉमरॅक म्हणजे लालभडक, गुलाबासारख्या वासाचा जाम. पॉमसिटे म्हणजे आपल्या अंबाड्याचा सख्खा चुलतभाऊ, आत काटेरी कोय. चेनेट, बलाटा, काइमिट ही नावं मी तिथंच पहिल्यांदा ऐकली. मोठ्या हिरव्या अव्होकाडोला ‘झाबोका’ म्हणतात. आणि आंबे: ज्युली, स्टार्च, ग्रॅहम, रोझ, कॅलबॅश, डू-डू. ज्युलीचं झाड बुटकं, फळ दोन्ही बाजूंनी चपटं, रेषा जवळजवळ नाहीत. हापूसशी तुलना मी करणार नाही, कारण ती केली की आपल्यातलं कुणीच पुढचं ऐकत नाही. पण चांगला पिकलेला ज्युली हातात आला तर नुसता शांतपणे खा.

आंबा हा तिथला मूळ रहिवासी नाही. जमैकात तो १७८२ मध्ये पोचला, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. फ्रेंचांचं एक जहाज रोपं घेऊन चाललं होतं, ते इंग्रजांच्या आरमारानं वाटेत पकडलं. रोपांवर नुसते आकडे होते. त्यातल्या एका आकड्याचा आंबा जमैकात आजही ‘नंबर इलेव्हन’ म्हणूनच विकतात. आणि उलट्या दिशेनं पाहा: काजू नि अननस पोर्तुगीजांनी गोव्यात आणले. पेरू, पपई, सीताफळ, आपल्या घोलवडचा चिकू, ही सगळी अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातली. श्रावणातल्या नैवेद्याच्या ताटातली निम्मी फळं त्या बाजूची पाहुणी आहेत, आणि आता त्यांना कुणी पाहुणं म्हणत नाही.

कैरीचं तिथं ‘चाऊ’ करतात. अर्धीकच्ची कैरी चिरायची, त्यात मीठ, लसूण, झणझणीत मिरची, थोडं लिंबू, आणि शॅडो बेनीची पानं. ही पानं लांबट, करवती कडांची, पण वास आपल्या कोथिंबिरीचा, तिच्यापेक्षा उग्र. रस्त्याच्या कडेला पिशवीत घालून विकतात. शाळेच्या फाटकाबाहेर तिखट-मीठ लावलेली कैरी खाऊन वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अननसाचं चाऊ, पॉमसिटेचं चाऊ, असे सगळे प्रकार होतात.

मात्र मला सर्वांत जवळचं वाटलं ते ‘कटहर’. तिथं त्याला शॅटेनही म्हणतात. फणसाच्या कुळातलं, निरफणसासारखं दिसणारं, पण आत बिया असणारं फळ. कोवळं असताना हातानं पिंजून नारळाच्या दुधात, मसाल्यात शिजवतात. लग्नात, पूजेच्या जेवणात केळीसारख्या मोठ्या पानावर वाढतात. पिकल्यावर बिया मिठाच्या पाण्यात उकडून खातात, आपण आठळ्या खातो तशाच. शेजारच्या आजीबाईंनी पहिल्यांदा मला त्या बिया दिल्या तेव्हा मी विचारलं, किती पैसे द्यायचे? त्या म्हणाल्या, ‘झाडाला विचार.’ त्यांच्या आवारातल्या फळांचे तीन भाग असत: घराला, शेजाराला, पाखरांना. पाखरांचा वाटा उरला नाही तर पुढच्या वर्षी झाड रुसतं, असं त्या म्हणायच्या. त्यामागं शास्त्र आहे की नाही हे मला ठाऊक नाही, पण त्यांच्या आवारात पाखरं भरपूर असायची.

कोकोबद्दल थोडं सांगायलाच हवं. १७२७ मध्ये त्रिनिदादच्या कोको बागांवर मोठी आपत्ती आली नि जुनी लागवड जवळजवळ बसली. नंतर बाहेरून आणलेल्या जातीचा उरल्यासुरल्या झाडांशी संकर झाला आणि ‘त्रिनितारियो’ ही जात तयार झाली, आज चांगल्या चॉकलेटसाठी जगभर लावतात ती. सेंट ऑगस्टीनच्या विद्यापीठाकडं कोकोच्या सुमारे २,४०० वाणांचा जिवंत संग्रह आहे. कोकोला सावली लागते, म्हणून बागेत उंच ‘इमॉर्टेल’ लावतात. हा आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातला. कोरड्या ऋतूत पानं झडून अख्खा डोंगर शेंदरी होतो. जुन्या कोकोघरांचं छप्पर रुळांवर सरकतं: ऊन आलं की छप्पर मागं ढकलायचं, सर आली की पुढं ओढायचं. बिया वाळत असताना त्यांवर अनवाणी पायांनी फिरत त्या चकचकीत करतात, त्याला ‘कोको नाचवणं’ म्हणतात. ओल्या फळातला पांढरा गर चोखायला पोरं टपलेलीच असतात.

टोबॅगोत तर एक गोष्ट अशी आहे की ती सगळ्या जगानं पाठ करावी. बेटाच्या कण्यासारखा एक डोंगर आहे, मेन रिज. त्यावरचं रान १३ एप्रिल १७७६ रोजी तिथल्या विधिमंडळानं कायद्यानं राखून ठेवलं. अमेरिकेनं स्वातंत्र्य जाहीर केलं त्याच्या जेमतेम तीन महिने आधी. पश्चिम गोलार्धातलं कायद्यानं राखलेलं हे सर्वांत जुनं जंगल मानतात. कायद्यात कारणही लिहिलं आहे: वारंवार पाऊस पडावा म्हणून. झाडं नि पाऊस यांचा संबंध स्टीफन हेल्स या इंग्रज शास्त्रज्ञानं मांडला होता, आणि सोम जेनिन्स नावाच्या अधिकाऱ्यानं तो धरून ठेवला. विधिमंडळातले लोक मळेवाले होते, गुलामांच्या श्रमावर ऊस पिकवणारे, ते विसरून चालणार नाही. त्यांना पाऊस हवा होता तो उसासाठी. पण रान राहिलं. १९६३ च्या फ्लोरा वादळात त्यातली कितीतरी झाडं उन्मळून पडली, आणि रान पुन्हा उभं राहिलं. गावातले वाटाडे आज त्यातून लोकांना पायी फिरवतात.

कायदा एकटा पुरत नाही हे पोर्ट ऑफ स्पेनजवळच्या सेंट अ‍ॅन्सच्या डोंगरावर दिसतं. जानेवारी ते मे पाऊस फारसा नसतो, गवत वाळतं आणि वणवे लागतात. फोंद आमांद या वस्तीतल्या लोकांनी १९८२ पासून तो डोंगर हिरवा करायला घेतला. अकिला जारामोगी यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. ही मंडळी काय करतात? वणव्याचे दिवस यायच्या आधी सगळे मिळून डोंगरावर जाळपट्टे, म्हणजे आग अडावी म्हणून गवत काढलेले मोकळे पट्टे, काढतात. या सामुदायिक कामाला ‘गयाप’ म्हणतात: कुणी कोयता घेऊन येतं, कुणी ढोल, बायका-पुरुष मिळून रांधतात आणि दिवस संपेपर्यंत पट्टा निघालेला असतो. आपल्याकडच्या गावांत इर्जिक असायचं, ते पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. फळझाडं मुद्दाम लावली, कारण ज्या झाडाचं फळ खायला मिळतं ते कुणी जळू देत नाही.

आणि आता कासवं. हा भाग मी जरा सावकाश सांगणार आहे.

त्रिनिदादच्या ईशान्य किनाऱ्यावर मातुरा आणि ग्रांद रिव्हिएर ही गावं आहेत. मार्च ते ऑगस्ट या महिन्यांत रात्री तिथं लेदरबॅक कासविणी अंडी घालायला येतात. जगातलं हे सर्वांत मोठं कासव: पाठीवर कवच नाही, जाड चामडं, वजन तीनशे ते पाचशे किलो. ती लाटांतून बाहेर येते, श्वास घेते तो ऐकू येतो. मागच्या पायांनी वाळूत खोल खड्डा इतक्या हळुवारपणे खणते की पाहणाऱ्यानं श्वास रोखावा. ऐंशीच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते, भोवती वाळू उडवून माग पुसते नि परत जाते. डोळ्यांतून पाणी वाहतं, ते खरं तर जादा मीठ बाहेर टाकणं असतं. पण तिथल्या म्हाताऱ्या म्हणतात, रडतेय. एका हंगामात ती कितीदा तरी येते, आणि मग दोन-तीन वर्षं येत नाही. वाळू जास्त तापली तर पिल्लांत माद्याच जास्त निघतात, म्हणून उष्म्याची चिंता तिथल्या लोकांना पुस्तकातून नाही, पायाखालच्या वाळूतून कळते.

एके काळी मातुराच्या किनाऱ्यावर मांसासाठी कासवं सर्रास मारली जात. १९९० मध्ये किनारा संरक्षित झाला आणि गावातल्याच लोकांनी ‘नेचर सीकर्स’ ही संस्था काढली. रात्रभर गस्त, कासवांना खुणेची पट्टी लावणं, अंड्यांची नोंद, आलेल्या पाहुण्यांना लाल दिव्याच्या उजेडात दाखवणं, हे सगळं गावकरी करतात आणि त्यातून पोटही भरतं. पट्टी लावलेली कासवं पुढं जातात कुठं, हे कळल्यावर मी अक्षरशः उठून उभी राहिले. त्यांतली काही इथं येतात, मंडळी. नोव्हा स्कोशियाच्या समुद्रात, उन्हाळ्यात, जेलीफिश खायला. जवळजवळ चार हजार किलोमीटर. इकडच्या संशोधकांना सापडलेल्या कासवांवर त्रिनिदादची पट्टी निघाली आहे. म्हणजे मातुराचे गावकरी जी राखतात, तिचं जेवणाचं ताट आपल्या देशात वाढलेलं असतं.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळास गाव तुम्हांला माहीत असेल. तिथं २००२ पासून भाऊ काटदरे आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना हाताशी धरून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली, आणि कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत राहतात, गावच्या हातची भाकरी-आमटी जेवतात. मातुरा आणि वेळास यांची एकमेकांशी ओळख नसेल, पण रीत तीच: ज्यांच्या दारात कासव येतं त्यांनाच तिचं रक्षण करण्यात मान आणि भाकरी मिळाली पाहिजे.

तिथं सगळं छान आहे असं मुळीच नाही. मासेमारीच्या जाळ्यांत अडकून कासवं मरतात. पावसाळ्यात नाले प्लास्टिकच्या बाटल्यांनी तुंबतात नि पूर येतात. २०११ पासून सारगॅसम शेवाळाचे ढीग पूर्व किनाऱ्यावर येऊन पडतात, त्याचा वास दूरवर जातो. नदीकाठी रविवारी कुटुंबं जमतात, मोठ्या पातेल्यात बदकाचा रस्सा शिजतो, गाणी होतात, याला ‘रिव्हर लाइम’ म्हणतात. फार आनंदाची गोष्ट आहे ती, पण संध्याकाळी काठावर थर्माकोलचे डबे राहतात तेव्हा मला राग यायचा. आपल्या सहलींनंतरही बागेतल्या कचऱ्याच्या डब्यांकडे पाहून येतो.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. लेदरबॅकला पाण्यात तरंगणारी पारदर्शक पिशवी आणि जेलीफिश यांतला फरक कळत नाही, फुटलेला फुगाही तसाच. आपल्या कार्यक्रमांत फुगे सोडणं बंद करू या. सहलीला आणि गणपतीच्या जेवणाला स्टीलची ताटं वापरू या. माझ्याकडची सगळी ताटं मी देते, बाकीची जमा करायला युवा गटानं पुढं यावं. इथल्या, टोरांटोच्या स्कारबरोतल्या त्रिनिदादी रोटीच्या दुकानातून एकदा कटहर मागवू या, आणि तिथल्या बायकांना आपल्याकडे बोलावू या. वाढताना त्यांच्याकडूनच ऐकू.

भाषणानंतर एका ताईंनी विचारलं, कासवं पाहायची तर केव्हा जायचं? एप्रिल-मे उत्तम. परवाना लागतो, तो काढून गावातल्या वाटाड्याबरोबरच जा. फ्लॅश आणि पांढरा टॉर्च चालत नाही, पायांत बंद बूट घाला, आणि कॅमेरा नाही नेला तरी चालेल. मुक्काम गावातच करा, सकाळी डबल्स, म्हणजे दोन मऊ तळलेल्या पोळ्यांतले मसालेदार चणे, खा, तिखट बेताचं हवं असेल तर ‘स्लाइट’ म्हणा.