धोका कोणत्या महिन्यात?

(दृश्य: यवतमाळ जिल्हा. धुऱ्यावर शेतकरी, मागे फुलोऱ्यातली तूर, सोंगून मोकळ्या झालेल्या सोयाबीनच्या ओळी.)

सोयाबीनला धोका जास्त की तुरीला? आम्ही विचारलं. काकांनी उलट विचारलं, "कवा?"

सोंगणीच्या तोंडावर पाऊस लागला, की सोयाबीनच्या शेंगेतच कोंब फुटतात. तूर त्या पावसात उभी असते. पुढे फुलोऱ्यात धुई पडली, की तिचा फुलोरा गळतो. तोवर सोयाबीन बाजारात गेलेलं असतं. या दोन पिकांचा धोका एका आकड्यात सांगा म्हटलं, तर इथलं पोरगंही सांगणार नाही.

रुग्णांच्या बाबतीत मात्र धोका असा एका आकड्यात सर्रास सांगितला जातो.

(दृश्य: आलेखाचा कागद, लाल-निळी पेन्सिल.)

दिवस जातील तसे किती रुग्ण हयात उरले, हे दाखवणारी ही पायऱ्यांची रेघ कॅप्लन आणि मायर यांच्या १९५८ च्या पद्धतीची. सुरुवातीला सगळे हयात, म्हणून रेघ शंभर टक्क्यांवर. मृत्यू झाला, की एक पायरी खाली. ही बारीक उभी खूण म्हणजे इथवर माणूस हयात होता, पुढची खबर नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तपासणी चुकली, की माणसाची अशी खूण होते.

समजा, लाल रेघ शस्त्रक्रिया झालेल्यांची, निळी फक्त औषधांवर असलेल्यांची. लाल आधी झपकन उतरते: जखम, जंतुसंसर्ग, अशक्तपणा. मग ती सपाट होते. निळी हळूहळू उतरतच राहते आणि एका ठिकाणी लालच्या खाली जाते. रेघांनी एकमेकींना छेदण्याच्या आधीच धोका फिरलेला असतो.

दोन गटांचा धोका तोलायला १९७२ मध्ये संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांनी दिलेलं प्रारूप जगभर वापरलं जातं, आणि ते मोलाचंच आहे. पण त्याच्या साध्या रूपात दोन्ही गटांच्या धोक्याचं गुणोत्तर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच धरलेलं असतं. इथे ते तसं नाही. तरी संगणक आकडा देतोच. आणि तो आकडा माणसांचा माग किती काळ ठेवला, यावर बदलतो! दुसऱ्या वर्षाच्या नोंदी गळाल्या, तर शस्त्रक्रियेचा सुरुवातीचा तोटा हिशेबात राहतो, पुढचा फायदा निसटतो.

त्यापेक्षा रेघेखालचं क्षेत्रफळ मोजावं. तीन वर्षांपैकी सरासरी किती महिने हाती लागले, ते त्यातून निघतं. घरच्यांना हे सांगता येतं. गुणोत्तर सांगून त्यांनी काय करावं?

(दृश्य: पानठेला. पन्नीवर घोटला जाणारा तंबाखू-सुपारीचा खर्रा. मग पांदण, आशाताई, हातात वही.)

वहीत तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण. काही नावांपुढे तारीख पडली आहे. बरेच रकाने कोरे आहेत. माणूस वेचणीला गेला म्हणून आला नाही, की अंथरुणाला खिळला म्हणून, हे दवाखान्यात बसून कळत नाही.

दारात खाट, तिच्यावर वहीतले एक बुवा. आशाताई बुवांना विचारतात, जेवण गिळता येतं का. मग दुसऱ्या वर्षाच्या रकान्यात आजची तारीख टाकतात, आणि पुढे लिहितात: हयात.